भेकर परत येतं

मी गप्प बसू शकते, हे अहमदपुरात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मोंढ्याच्या बाजारात माझ्या वडिलांचं, अप्पांचं, दुकान आहे; तिथं मी बसले की गिऱ्हाईकं सामान घेऊनही हलत नाहीत, इतकी माझी टकळी चालू असते.

अशी मी, रुद्राणी, किनवटच्या जंगलात निसर्ग शिबिराला आले आणि पहिल्याच सकाळी, बोलता बोलता, एका माणसाच्या पाठीवर जाऊन धडकले.

त्यानं मूठ वर केली होती. मूठ म्हणजे थांबा, असं निघतानाच सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे. मी बोलत होते ना, ऐकणार कशी!

"ताई—" तो वळला आणि अडखळला. "...गेलं. भेकर होतं."

"भेकर? ते लहानसं हरिण? मला कुठं दिसलं?"

"तुम्ही बोलून राहिलात. त्यालाच तुम्ही दिसल्या असाल."

हा दयानंद. इस्लापूरचा. घरची शेती बघायची आणि आमच्यासारख्या शिबिरवाल्यांना रानात फिरवायचं, हे त्याचं काम. रंग उन्हानं रापलेला, आवाज हळू, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांबद्दल सांगायला बसले तर उजाडेल.

त्यानं मला एकटीला बाजूला घेऊन पुन्हा सगळ्या खुणा शिकवल्या. मूठ — थांबा. दोन बोटं — तिकडं बघा. तळहात जमिनीकडं दाबला, की बसा, हलू नका, वाट बघा.

"आणि भेकर पळालं तर मागं जायचं नाही?"

"न्हाई. मागं गेलं की ते रान सोडून जातं. बसून राहिलं, की परत येतं. आपल्या पायानं."

"आणि नाही आलं तर?"

"तर बसून राहायचं," तो अगदी सहज म्हणाला.

माघ सरत आला होता. सागाची वाळलेली पानं वाटेवर पडलेली, पाय पडला की पापडासारखी मोडायची. मी पावलं हळू टाकायला शिकले. त्याच्या हाताकडं बघत चालायला शिकले. मग हातावरून नजर वर जायला लागली, आणि ती काही खाली येईना.

शुक्रवारी सकाळी पाणवठ्याजवळ त्यानं तळहात दाबला. आम्ही सगळे झुडपाआड बसलो. मी त्याच्या शेजारी. बराच वेळ काही हललं नाही. मग त्यानं हळूच दोन बोटं दाखवली — तिकडं बघा. मी त्याच्याकडंच बघत होते. त्यानं पुन्हा दाखवली. मी पुन्हा त्याच्याकडंच. त्याचे कान लाल झाले.

"भेकर तिकडं होतं," परतताना तो पुटपुटला.

"हाव. माहीत होतं मला."

हसला तो. मग मीच विचारलं, "बाकी सगळ्यांना ताई म्हणता. मला कामून नाही?"

"म्हणून बघितलं की पहिल्या दिवशी." त्यानं वाटेवरचं एक पान उचललं, मोडलं. "पुन्हा तोंडातून निघंना."

किती वेळ मी या एका वाक्याची वाट बघत होते! आणि आता ते आलं, तर मला रडू यायला लागलं.

"रविवारी मला बघायला येणार आहेत," मी म्हणाले. "उदगीरचे. आमच्यातलेच. त्याआधी एकदा जंगल बघू द्या म्हणून अप्पांकडं हट्ट केला होता."

तो थांबला. 'आमच्यातलेच' या शब्दात केवढी भिंत आहे, ते त्यालाही कळलं आणि मलाही.

"चांगली माणसं आहेत?"

"असतील. अप्पांनी निवडलीत."

"मग..." म्हणत तो पुढं चालायला लागला. जाऊ नका म्हण ना रे, मी मनात ओरडत होते. अजून निघालेही नव्हते आणि मला त्याची आठवण यायला लागली होती.

शनिवारी तो आम्हाला किनवट स्टेशनवर सोडायला आला. सगळ्यांच्या बॅगा चढवल्या. माझी शेवटी.

"नीट जावा," एवढंच म्हणाला.

मलाही काही सुचेना. मला! गाडी हलली. मी दारात उभी होते. तो दोन पावलं पुढं आला, आणि गर्दीत त्यानं मूठ वर केली.

थांब.

रेल्वेला कुठल्या कळायला असल्या खुणा? तो लहान लहान होत चालला. माझा हात आपोआप बाहेर गेला. तळहात खाली. दाबला. पुन्हा दाबला.

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. आणि भर प्लॅटफॉर्मवर, पोत्यांच्या आणि माणसांच्या मधोमध, तो मांडी घालून बसला.

"अगं बाई, काय झालं त्या पोराला?" मागून एक मावशी डोकावल्या. "चक्कर आली का?"

"न्हाई मावशी. वाट बघून राहिलाय."

वळणावर तो दिसेनासा झाला. मी डोळे पुसले आणि फोन लावला.

"अप्पा, उदगीरच्या पाहुण्यांना उद्या येऊ नका म्हणून सांगा."

पलीकडं अप्पांनी गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "कामून गं?"

"घरी येते," मी म्हणाले. "लई बोलायचंय मला."