अर्ध्या गेजचा भागीदार

दुकानात मिलिमीटरचे शतांश मोजणारं डायल गेज एकच उरलं होतं, आणि त्याच्या डबीवर दोन हात पडले. एक माझा. दुसऱ्या हाताची नखं हत्यारं वापरणाऱ्याच्या मानाने फारच स्वच्छ होती, म्हणून मी मान वर केली.

"तुम्हालाही हवंय?" त्याने विचारलं.

"मी आधी धरलंय."

"मग... दोघांत घेऊ या? माझ्याकडेही सीएनसी आहे, घरगुती. आधी तुमचं मशीन लावून देतो. मला जमतं ते."

डोळे बरे होते त्याचे. म्हणूनच जास्त संशय आला.

मी सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, लाकडी डबे करते. माझ्या डब्याचं गोल झाकण बिजागरीशिवाय, नुसतं फिरवून बसतं. पण मशीन आडव्या अॅक्सिसवर सांगितल्यापेक्षा कमी सरकत होतं, त्यामुळे झाकण अंड्यासारखं कापलं जायचं आणि फिरवताना अडकायचं. पहिलीच मोठी ऑर्डर त्यापायी अडली होती. शिवाय मागच्या भागीदाराने माझं आधीचं डिझाइन उचलून स्वतःच्या नावाने विकलं होतं. हेही गेलं असतं तर मी धंदाच गुंडाळणार होते. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं... तरी मी हो म्हटलं.

रविवारी तो आला. "तुझा गेजवाला आलाय," आई म्हणाली.

"माझा कशाला?"

"बरं, कुणाचा का असेना. केस नीट कर."

त्याने गेजचं टोक मशीनच्या सरकत्या डोक्याला टेकवलं. पाच मिलिमीटर सरकवलं, तर काटा तीन शतांश कमी दाखवू लागला. मग एका मिलिमीटरला मोटरने किती पावलं टाकायची, तो आकडा त्याने सेटिंगमध्ये वाढवला. त्याच्या कोपरावर पांढरी भुकटी दिसली.

"काय कापत होतात?"

"अं... असंच. किरकोळ."

अॅक्रिलिक, मी मनात म्हटलं. पांढरा भुगा त्याचाच पडतो. आणि जाताना साहेबांनी विचारलं, "हे झाकण आतून कसं बसतं हो?"

"छान बसतं," मी म्हटलं आणि ड्रॉइंग उलटं ठेवलं.

"तुम्ही माझ्याकडे मी चोर असल्यासारखं बघता."

"चोर कसे बघतात ते मला माहीत आहे."

तो हसला. हसताना खाली बघायची सवय होती त्याला, आणि ती माझ्या उगाच लक्षात राहिली.

दुसऱ्या दिवशी झाकण कापलं, तर ते उलट्या बाजूने फुगलेलं निघालं. लाकूड दमट असेल म्हणून मी लाकडालाच शिव्या घातल्या. पुढच्या रविवारी त्याने गुपचूप सगळं पुन्हा मोजलं आणि झाकण लोण्यासारखं फिरलं. मला आनंद झाला, पण त्याचं मशीन काही दिसेना. "बघायला येऊ का?" म्हटलं की ते दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं असायचं. कोपर मात्र दर वेळी पांढरं. शेवटी मीच न सांगता गेजच्या बिलावरच्या त्याच्या पत्त्यावर गेले. माझे डबे अॅक्रिलिकमध्ये कापताना रंगेहाथ पकडायचाच, असं ठरवून.

ती बेकरी होती. पिठाने माखलेला तो कणीक मळायच्या यंत्रापाशी उभा होता.

"सीएनसी कुठंय?"

"नाहीये," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. मी या यंत्राचं बेअरिंग घ्यायला दुकानात आलो होतो. तुम्ही दुकानदाराला सीएनसीबद्दल सांगत गेजकडे हात नेलात आणि... माझाही गेला. बाकी सगळं व्हिडिओ बघून शिकलो."

डिझाइन वाचलं म्हणून हायसं वाटलं, आणि पुन्हा एका खोटारड्यात जीव गुंतला म्हणून रडूही आलं. मी मागे वळले.

"थांबा. अजून एक आहे," तो म्हणाला. "ते फुगलेलं झाकण... लाकडाचा दोष नव्हता. ज्या दिशेने मोजायचं, आधी थोडं त्याच दिशेने सरकवून मग काटा शून्यावर आणायचा असतो, नाहीतर स्क्रूची ढिलाई मापात शिरते. मी ते विसरलो, आकडा चुकीचा टाकला. तुम्ही लाकडाला बोल लावत होतात आणि मी गप्प बसलो."

मी दारातच थांबले. हे मला जन्मात कळलं नसतं. मागच्या भागीदाराने पुरावा समोर ठेवल्यावरसुद्धा कबूल केलं नव्हतं, आणि हा माणूस मी निघाले असताना स्वतःहून स्वतःचं नुकसान करून घेत होता. माझा राग तसाच होता, पण त्याच्यावरचा संशय मात्र शोधूनही सापडेना.

"हे आत्ता का सांगताय?"

"तुम्ही परत येणार नाही असं वाटलं. निदान लाकडाला तरी न्याय मिळावा." मग खाली बघत म्हणाला, "आणि मला तुम्ही आवडता. तेही राहिलंच होतं."

"पहिल्याच दिवशी सरळ सांगता आलं असतं."

"ऐकलं असतंत?"

"नसतं," मी खरं ते सांगितलं.

भट्टीपाशी उकडत होतं. मी पिठाच्या पोत्यावर बसले, पदर सावरला आणि त्याच्याकडे नीट, डोळ्यांत बघितलं.

"आता ऐकतेय. परत सांगा."