पिवळ्या धुराड्याचं जहाज

"डॅडी, त्या स्वस्तातल्या जहाजावर, एवढ्या लोकांसमोर पोटावर आपटताना तुम्हाला लाज नाही का हो वाटत?"

डेलियाने प्रश्न विचारला आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या ब्रुक आणि पेटन यांनी हसू दाबण्यासाठी माना पार ताटात घातल्या. पैजच लागली होती तशी! दुपारी शाळेच्या बसमध्ये ब्रुकने फोनवर तो व्हिडिओ दाखवला होता, कुणीतरी गेल्या उन्हाळ्यात सहलीच्या जहाजावर काढलेला. फुलाफुलांची चड्डी घातलेला एक अवाढव्य माणूस जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभा राहतो, कपाळावर आडवा हात धरून वरच्या मजल्यांकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो, आणि मग हातपाय पसरून पाण्यावर असा काही आदळतो की पहिल्या रांगेतल्या बायका भिजून किंचाळतात. "राजा प्रजेकडे बघतोय," पेटन म्हणाली होती, आणि अख्खी बस हसली होती. "विचारून दाखव त्यांना. हिंमत आहे?"

हिंमत! वादविवाद स्पर्धेत सबंध अलाबामा राज्यात दुसरी आलेल्या डेलिया टिलरीला हिंमत विचारता?

टेबलावर तळलेल्या मासळीची परात होती, मक्याच्या पिठाचे गरम गोळे होते. गोदीत वेल्डिंग करून करून मनगटांवर डागांची नक्षी उमटलेले तिचे डॅडी, व्हर्नन टिलरी, हातातला गोळा अर्धाच खाऊन थांबले.

"वाटते की," ते म्हणाले. "दर वर्षी वाटते."

मग काय, मुली खो खो हसत सुटल्या. डॅडीही थोडे हसले. फक्त ममा उठली आणि गार चहाचा जग भरलेला असतानाच पुन्हा भरायला आत गेली.

हसणारे श्रोते मिळाले की डेलियाला थांबवणं अवघड. तिने तिथल्या तिथे भाषणच ठोकलं. आपल्या मोबील बंदरातून सुटतं ते पिवळ्या धुराड्याचं जहाज, म्हणजे आइस्क्रीमच्या यंत्रापुढची रांग, आरामखुर्च्या अडवायला पहाटे टाकून ठेवलेले टॉवेल, आणि पोटावर आपटायच्या उड्यांच्या स्पर्धेसाठी दिवसभर भोंग्यावर ओरडणारा माणूस. आणि ब्रुककडचे जातात ते फ्लोरिडातलं पांढरं जहाज... तिथे संध्याकाळी व्हायोलिन वाजतं, वेटर नावाने हाक मारतात, जेवायला कोट लागतो, आणि तलावाशी कोणी ओरडत नाही, उडी तर मुळीच मारत नाही. "वर्षातून एकच सुट्टी मिळते आपल्याला. ती माणसासारखी का घालवू नये?"

"मुद्दा बरोबर आहे," डॅडी म्हणाले. बस्स, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "पांढऱ्या जहाजाचं नक्की केलं. ब्रुककडचे जाणार त्याच फेरीचं. तुम्हा दोघींना आवडेल." डेलियाने त्यांच्या गळ्यात हातच टाकले. 'तुम्हा दोघींना' हे शब्द तिच्या कानांवरून गेले, पण काळजापर्यंत काही पोहोचले नाहीत... आनंदात माणूस किती बहिरा होतो!

ते शब्द काळजापर्यंत पोहोचले थेट कपड्यांच्या दुकानात. डेलिया समुद्राच्या रंगाचा लांब झगा घालून आरशापुढे गिरक्या घेत होती आणि ममा स्टुलावर पिशव्या सांभाळत बसली होती.

"आता डॅडींचा कोट बघू," डेलिया म्हणाली. "त्यांच्या मापाचा मिळायचा म्हणजे तंबूच शिवायला टाकावा लागेल."

"त्यांना नकोय कोट."

"अगं, तिथे कोटाशिवाय जेवायला आत घेत नाहीत. ब्रुकने सांगितलंय."

"ते येत नाहीयेत, डेलिया."

गिरकी अर्ध्यावरच थांबली. "का? गोदीत काम आलंय?"

"तसंच सांग म्हणालेत तुला." ममाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "मला नाही जमत बाई खोटं बोलायला. ते म्हणाले, पोरगी मोठी झाली आता. तिच्या मैत्रिणीचे आईवडील असतील तिथे. मी बरोबर असलो की ती सारखी इकडेतिकडे बघत बसेल, कुणी ओळखलं का म्हणून. तिला मोकळेपणाने फिरू दे, रोंडा. मी राहतो घरी."

"पण... पण त्यांना तर आवडतं ना ते? टाळ्या, शिट्ट्या, सगळं..."

"आवडतं?" ममा हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "चर्चमध्ये कुणी प्रार्थना म्हणायला उभं करेल म्हणून शेवटच्या बाकावर बसतो तो माणूस. गाडीतूनच बर्गर मागवायच्या खिडकीशीसुद्धा मला बोलायला लावतो. उडीच्या दिवशी सकाळी नाश्ता करत नाहीत ना ते..."

"पैलवान पोट हलकं ठेवतायत," डेलिया पुटपुटली. घरातला हा जुना विनोद.

"भीतीने जात नाही गं घशाखाली. एकदा तर खोलीत उलटी झाली होती."

आणि मग, त्या दुकानातल्या पांढऱ्याफटक दिव्यांखाली, ममाने ते सांगितलं जे डेलियाच्या आठवणीत धुकं होऊन राहिलं होतं. घरात अखंड टकळी चालवणारी ही पोर लहानपणी उंबरा ओलांडला की मुकी व्हायची. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी शब्द नाही, तहान लागली तरी शब्द नाही. डॉक्टर झाले, बोलायला शिकवणाऱ्या बाई झाल्या. सात वर्षांची असताना पहिल्यांदा तिला पिवळ्या धुराड्याच्या जहाजावर नेलं, तर तिथेही मुलांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी. त्या दुपारी तलावाशी भोंगेवाला माणूस उडीसाठी कुणीतरी पुढे या म्हणून ओरडत होता, आणि काय झालं कुणास ठाऊक, व्हर्ननने हात वर केला. कदाचित पोरगी एकदा तरी हसेल म्हणून.

"असे आपटले, असे आपटले, की सगळी गच्ची चिडीचूप झाली. मला वाटलं, माणूस गेला माझा. आणि त्या शांततेत तू बोललीस, मोठ्याने. 'परत!' म्हणालीस. शेकडो परके लोक होते गं... भोंगेवाल्याने विचारलं, कोण बोललं? तर तू त्याच्यापर्यंत चालत गेलीस, म्हणालीस, 'ते माझे डॅडी आहेत. परत.' मग परत मारली त्यांनी. रात्री पाठीपोटाला कोरफड लावत होते मी, तर लहान मुलासारखे रडत होते. म्हटलं, एवढं दुखतंय? तर म्हणाले, बोलली गं ती... बोलली."

डेलियाने आरशाची कड घट्ट धरली.

"दर वर्षी त्यांचं नाव द्यायला तू जायचीस. परक्या माणसाशी बोलायला. म्हणाले, ती नाव द्यायला जात राहील तोवर मी उडी मारत राहीन. गेल्या वर्षी तू गेली नाहीस. त्यांना वाटलं, विसरली असेल. स्वतःच जाऊन देऊन आले."

वाटते की. दर वर्षी वाटते. तो विनोद नव्हताच! एका लाजाळू माणसाने आपल्या लेकीला दिलेलं सरळ, साधं, खरं उत्तर होतं ते... आणि ती हसली होती. ज्या वाणीसाठी त्याने आपली लाज पाण्यावर आपटून आपटून फोडली, त्याच वाणीने तिने त्याच्या अंतःकरणावर घाव घातला होता, दोन मैत्रिणींच्या टाळीसाठी!

पडद्याआड जाऊन तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला. कपाळावर हात धरून तो माणूस वर बघतो... या टोकापासून त्या टोकापर्यंत. राजा नव्हता तो. बाप होता, लेकीला शोधणारा. आणि लेक कुठे होती, हे जगात फक्त तिलाच माहीत होतं. वरच्या गच्चीवर, मोठ्या टोपीखाली, टॉवेलांच्या कपाटामागे सरकून बसलेली. ती दिसली नाही. तरी त्याने उडी मारली.

झगा तिने दुकानातल्या मुलीच्या हातात परत दिला. पार्किंगमध्ये ममा गाडीत बसली, आणि डेलिया फोन कानाला लावून बराच वेळ बाहेरच येरझाऱ्या घालत राहिली. "कुणाशी बोलत होतीस?" ममाने विचारलं. "घरी सांगते," ती म्हणाली.

घरी आल्या तेव्हा डॅडी मागच्या अंगणात मोठ्या भांड्यात शेंगा उकडत होते, खारट वाफेत चेहरा लालबुंद. ममा पायरीवर थांबली. डेलिया पुढे गेली, तोंड उघडलं, आणि... काहीच नाही. शब्द घशात तसेच अडकले, अगदी लहानपणी अडकायचे तसे. राज्यात दुसरी आलेली डेलिया, आणि एक अक्षर फुटेना! डोळ्यांतून मात्र घळाघळा वाहू लागलं.

डॅडींनी तिच्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या ममाकडे, आणि त्यांना कळलं. पण ते काही विचारायला आले नाहीत. झारा घेऊन हळूहळू शेंगा ढवळत राहिले. ते नेहमी असेच थांबत. शब्द कधी येईल तेव्हा येईल, घाई नाही, मी इथे आहे... तिच्या सगळ्या मुक्या वर्षांत ते असेच थांबले होते.

"मी खूप वाईट विचारलं तुम्हाला," शेवटी ती म्हणाली.

"पैजेचं होतं ना? तुमच्या हसण्यावरूनच कळलं होतं. पैज म्हटली की विचारावं लागतं." त्यांनी एक शेंग सोलून तिच्यापुढे धरली. "खा, गरम आहे. आणि बाई माझे, त्या पांढऱ्या जहाजावर मजेत जाऊन ये. मला खरंच काम आहे गोदीत."

"काही काम नाही तुम्हाला." तिने बाहीने नाक पुसलं आणि ममाकडेही वळून पाहिलं, दोघांना एकदमच सांगायचं होतं तिला. "ऐका आता. पांढरं जहाज रद्द. अजून मुदत आहे, मघाशी मीच फोन करून विचारलं, अनोळखी बाईशी नीट बोलले. ब्रुकलाही मीच सांगणार. आपण तिघं पिवळ्या धुराड्याच्या जहाजावर जाणार."

डॅडींचा झारा थांबला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, आनंदाच्या आत लपलेली ती जुनी भीती, जी ती आज पहिल्यांदा पाहत होती. तरीही त्यांनी मान डोलावली. "बरं. मग नाव द्यायला जाशील?"

"जाणार. पण तुमचं नाही, माझं." तिने त्यांच्या हातातला झारा काढून घेतला. "तुम्ही त्या दिवशी पोटभर नाश्ता करायचा, डॅडी. उडी या वर्षी मी मारणार. तुम्ही फक्त वर कठड्याशी उभे राहा... मला दिसाल असे."