नवव्या प्रकाराला हुंकार

ही गोष्ट खरी आहे. असं इथे सगळेच लिहितात, मला माहीत आहे. मी स्वतः हे पेज वाचताना निम्म्या गोष्टींना हसलेली आहे.

पण मी गणितात पीएचडी करते. वाटलं ते वेगळं आणि सिद्ध झालं ते वेगळं, एवढं तरी मला कळतं. म्हणून जे कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहिते.

तारीख १३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. ठिकाण सणसवाडी. वेळ रात्रीची नाही.

दुपारचे पावणेबारा वाजले होते.

माझं नाव धनश्री. गाव वडगाव रासाई. आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा आहे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. चार वर्षं मी एकाच प्रमेयाच्या मागे आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी असते, त्यातलं एक प्रमेय. त्याचे एकूण ६३३ प्रकार पडतात. प्रत्येक प्रकारात ते खरं ठरलं, तरच ते सिद्ध झालं.

६२४ प्रकार कॉम्प्युटरनं तपासायचे. उरलेले नऊ हातानं.

३० जूनपर्यंत प्रबंध द्यायचा होता. नाही दिला तर चार वर्षं पाण्यात.

गावाकडे दिवसा लाईटचा भरवसा नाही. माझा प्रोग्राम पाच-पाच दिवस सलग चालतो. म्हणून सणसवाडीत खोली घेतली. दुसरा मजला, अगदी कडेची. बाकीच्या खोल्यांत कंपनीत जाणारी बिहारची, लातूरची पोरं. सकाळी सातला सगळी फर्स्ट शिफ्टला जायची. चार वाजेपर्यंत आमच्या मजल्यावर मी एकटी.

माझ्या पुण्याच्या गाईड, अनिता मॅडम, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगायच्या. लिहिलेली सिद्धता मोठ्यानं वाचायची. डोळे चुकीवरून घसरून जातात, जीभ अडते.

तर त्या गुरुवारी मी वाचत होते. पहिला प्रकार.

"समजा, या जाळीत प्रत्येक बिंदूला निदान पाच रेषा आहेत."

तेवढ्यात…

"हं."

मी थांबले. कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरत होता. म्हटलं, त्याचाच आवाज.

पुढची ओळ वाचली.

"हं."

पलंगाच्या बाजूच्या भिंतीतून येत होता. पुरुषाचा आवाज, जरा जाडसर, वयस्कर. गोष्ट ऐकणारा माणूस करतो तसा. शेजारी कुणी नाईट शिफ्टवाला पडला असेल आणि माझी थट्टा करत असेल, असं वाटून मला रागच आला. मुद्दाम आवाज चढवून मी सगळं पान वाचलं.

प्रत्येक ओळीनंतर हं यायचा. थट्टेचा सूर नव्हता. खरंच लक्ष देऊन ऐकत होता.

आठ दिवसांत आठ प्रकार वाचून झाले. राहिला नववा. आता आम्हा गणितवाल्यांची एक खोड सांगते. एकसारखे प्रकार आले की आम्ही शेवटचा लिहीत नाही. 'उरलेला प्रकार असाच' एवढं लिहून मोकळे होतो. मीही तेच लिहिलं होतं आणि तेच वाचलं.

"उरलेला प्रकार असाच."

भिंत गप्प.

मी वाट पाहिली. पुन्हा वाचलं.

काहीच नाही…

मी कोरा कागद घेतला आणि नववा प्रकार मांडायला बसले. चार वाजता कळलं की तो तसा नाही. तिथे एक रेषा जास्त पडत होती आणि माझी सगळी युक्ती त्या एका रेषेपाशी मोडत होती.

चार वर्षांत ही चूक मला दिसली नव्हती. मॅडमना दिसली नव्हती. भिंतीपलीकडच्या माणसाला कळली होती.

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही. हाव सुटली. पुढचे तीन आठवडे मी रोज नव्या वाटा काढायचे आणि वाचायचे. जिथे हं यायचा नाही तिथे खोडायचे. दर वेळी तिथे चूक सापडायचीच. इतका चांगला सोबती मला पुण्यातही मिळाला नव्हता.

शेवटी वाटलं, माणसाला निदान चहा तरी पाजावा. खाली घरमालकीण सोजराबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"मावशी, माझ्या शेजारच्या खोलीत कोण राहतं?"

"हृतिक न् त्याचा भाऊ. आता कामावर हायत की."

"त्या बाजूला नाही. पलंगाच्या बाजूला."

सोजराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तिकडं कुठली खोली गं? तुजी कडंचीच हाय न्हवं का."

मी बाहेर गल्लीत जाऊन वर पाहिलं. तीन महिने मी त्याच गल्लीतून ये-जा करत होते आणि एकदाही मान वर केली नव्हती.

सपाट भिंत. प्लॅस्टरही न केलेली. ना गॅलरी, ना खिडकी, ना पाइप. पलीकडे मोकळा प्लॉट.

वाटलं, तसंच निघून जावं. पण सामान वर होतं आणि प्रोग्राम चालू होता. वर जावंच लागलं. दार सताड उघडं ठेवून मी उभी राहिले आणि मुद्दाम एक धादांत खोटी ओळ म्हटली.

गप्प.

मग खरी ओळ म्हटली.

"हं."

आता आवाज भिंतीतून नव्हता. भिंतीच्या अलीकडे होता. पलंगावर.

पलंग रिकामा होता.

मी तोंड दाबून धरलं. एक शब्दही बोलले नाही. पंख्याची घुरघुर तेवढी चालू होती. आणि मग…

"हं."

मी गप्प होते.

"हं… हं…"

थांबून थांबून, एकेका ओळीएवढं अंतर ठेवून तो हुंकार देत राहिला. म्हणजे तिथे कुणीतरी त्याला पुढचं सांगत होतं. ते मला ऐकू येत नव्हतं.

मी जिन्यात येऊन बसले ते पोरं कामावरून येईपर्यंत. रात्री सोजराबाईंकडे, खालच्या मजल्यावर झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले, माझे वडील. बाजरीचं पीठ घेऊन येणारच होते. त्यांना काही न सांगता वर नेलं आणि त्यांच्यासमोर वही उघडून दोन ओळी वाचल्या.

दोन्ही ओळींना हं आला.

आप्पांनी पिठाची पिशवी हळूच खाली ठेवली. चेहरा उतरला होता. त्यांनी मला हाताला धरून बाहेर जिन्यापाशी आणलं.

"एकलीच बसून मोठ्यानं वाचत व्हतीस?"

"व्हय आप्पा."

"आमी मेंढरं घिऊन फिरायचो, तवा तळावर गोष्ट सांगायची म्हंजी हुंकार द्यायला आदी माणूस ठरवायचो. त्यो न्हाई, तर गोष्ट न्हाई."

"का?"

"मोकळ्या जागी ऐकणारं कुणीबी असतंय." त्यांनी मागे वळून खोलीकडे पाहिलं. "आन् सुरू केली तर तळ हलायच्या आत संपवायची. अर्दी ठिवली की ऐकणारा मागनं येतो. तुजी किती राह्यलीय?"

"एक प्रकार."

"मग संपीव आन् चल."

त्यांना कसं समजावू, मला कळेना. "आप्पा, ती मला येत नाही. कदाचित कुणालाच येत नसंल."

आप्पा मेंढरांमागे आयुष्य काढलेले, लांडग्याला न भ्यालेले. तेच आता मला खोलीत एकटी जाऊ देईनात. त्यांनी टेम्पो बोलावला आणि तासाभरात कॉम्प्युटर, गादी, वह्या सगळं खाली आलं. वाटेतला नदीचा पूल ओलांडेपर्यंत बोलू नकोस म्हणाले. मी बोलले नाही.

वडगावला आल्यावर काही झालं नाही. एप्रिल गेला. मी मोठ्यानं वाचणं बंद केलं. नववा प्रकार काही सुटत नव्हता. मॅडमचे फोन यायचे, मी खोटं बोलायचे.

मे महिन्यात एका दुपारी आईनं विचारलं, "रोज जेवल्यावर कुणाला हं हं करतीस गं?"

"मी?"

"तर कोन? फोनबी नसतो कानाला."

मी म्हटलं, काहीतरीच. आई चिडली. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि पुढ्यात धरला.

मी ओसरीवर बसलेली आहे. समोर पांढरी भिंत. डोळे उघडे. हात मांडीत. पत्र्यावर कावळा चालतोय तेवढा आवाज.

आणि मी म्हणते…

"हं."

थोड्या वेळानं पुन्हा, "हं."

नऊ मिनिटांचा व्हिडिओ आहे. मला त्यातलं एक मिनिटही आठवत नाही. जेवले आणि डोळा लागला, एवढंच माझ्या लक्षात होतं.

मी तो अकरा वेळा पाहिला. सत्तावीस हुंकार आहेत. अठराव्यानंतर मी गप्प होते. बराच वेळ. कपाळाला आठी पडते. चुकीची पायरी दिसली की माझी तशीच आठी पडते, मॅडम नेहमी चिडवतात. मग माझा चेहरा सैल होतो आणि एकोणिसावा हं येतो.

म्हणजे सांगणाऱ्याचं काहीतरी चुकलं होतं. आणि त्यानं ते दुरुस्त केलं.

आईनं आप्पांना सांगितलं. आता दुपारी मला कुणी एकटं बसू देत नाही. आई भाज्या निवडायला माझ्या शेजारीच येते आणि सारखी बोलत राहते. हुंकार बंद झालाय.

सगळ्यांना वाटतं, सुटलो.

मला रडायला येतं. कारण नववा प्रकार कुणाला तरी येतो. तो रोज मला सांगितला जात होता, मी पायरी पायरीला हो म्हणत होते, आणि माझ्या हाती एक ओळ नाही.

आज ७ जून. तेवीस दिवस राहिलेत. परवा मी सोजराबाईंना फोन केला. ती खोली रिकामीच आहे म्हणाल्या, कुणी चार दिवसांच्या वर टिकत नाही.

मी सोमवारी जाणार आहे. वाचायला नाही. दार लावून, मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवून, वही मांडीवर घेऊन नुसती ऐकत बसणार आहे. भीतीनं दोन दिवस अन्न गेलेलं नाही, तरी जाणार आहे.

घरी मॅडमनी पुण्याला बोलावलंय असं सांगितलंय. आप्पा एसटीपर्यंत सोडायला येतो म्हणाले.