झाकणाचा वास

कॅनचं झाकण उचलून त्याने नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "दुधाला वास येतोय."

दुधाच्या टँकरवरचा नवा ड्रायव्हर, कामाचा पहिलाच दिवस, आणि माझ्या संकलन केंद्रावर येऊन माझ्याच दुधाला नावं ठेवतोय! माझं डोकंच फिरलं.

"दुधाला दुधाचाच वास येणार. आजवर काय हुंगत आलात?"

"बंदरावरून... परदेशी दूध पावडरीची पोती आणायचो," तो ओशाळून म्हणाला.

नाकच बिघडलं होतं बिचाऱ्याचं. मी पेलाभर ताजं दूध हातात दिलं. घटाघटा प्यायला, ओठांवर पांढरी मिशी उमटली, आणि मला हसू आवरेना.

मग रोज तो टँकर भरताना रेंगाळू लागला. झाकण हुंगता हुंगता माझ्याकडे बघायचा.

"आज कसा आहे वास?"

"वेड लावणारा."

"कॅनचा विचारतेय!"

"मी पण... कॅनचंच सांगतोय."

एके सकाळी मात्र तो नजर टाळू लागला.

"सोमवारपासून आमचा दुधाचा कारखाना तुमचं दूध घेणार नाही. परदेशी पावडर स्वस्त पडते. तिकडच्या गोठ्यांना त्यांचं सरकार अनुदान देतं, मग जास्तीचं दूध पावडर करून इकडे पाठवतात."

"आणि उद्या पाठवणं बंद केलं तर? तोवर आमच्या गाई विकून झालेल्या असतील. मग शहरातल्या पोरांना काय पाजणार, पाणी?"

"माझ्यावर का चिडतेस?"

"दुसरं कोण आहे समोर?" म्हणत मी कॅनचं झाकण दणकन लावलं. केंद्र बंद पडणार होतं... आणि त्याचं येणंही.

सोमवारी मी तरीही कुलूप काढलं. दारोदार जाऊन सगळ्यांना दूध घालायला लावलं. "कुणासाठी भरतेस गं हे?" आईने विचारलं. मी कॅन भरत राहिले.

हॉर्न वाजला. टँकर नव्हता, एक जुनाट टेम्पो होता. त्यातून तो उतरला.

"टँकरची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. हा दाजींचा टेम्पो. चल, शहरात आपणच विकू. ओरडायला मात्र तू हवीस, माझा आवाज बारीक."

"नाही खपलं तर?"

"उद्या परत ओरडू." तो जवळ आला. "मला रोज इथेच यायचंय. तू आवडतेस मला. दूध असो, नसो—"

"नसो कशाला? दूध असणारच!" मी टेम्पोत चढले. "आणि तूही आवडतोस. पण हे चौकात ओरडून सांगणार नाही हं, तिथे फक्त दूध!"

पहिल्याच चौकात मी अशी काही ओरडले, की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. एक बाई पातेलं घेऊन खाली आली. "पावडरीचं नाही ना?"

त्याने झाकण काढून तिच्यापुढे धरलं.

"हुंगून बघा, मावशी!"