तिसरं कडवं

बातमी आली तेव्हा ताई मिशनच्या मागच्या खोलीत लोकांनी दिलेले जुने स्वेटर मापाप्रमाणे लावत बसली होती. पाळक दारात आले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "काकू गेल्या. आज पहाटे, तिकडे घरी."

ताईने हातातल्या स्वेटरची घडी पुरी केली. दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

या परक्या देशात काकूंनीच तिला हाताला धरून काम शिकवलं होतं. नऊ वर्षं दोघी जोडीने घरोघरी जायच्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसायच्या, वाचून दाखवायच्या. दोन महिन्यांपूर्वी काकू ऑपरेशनसाठी मायदेशी गेल्या आणि पलंगाला खिळल्या. पण फोनवर एकच धोशा, "कुलूपवाल्याच्या बायकोकडे गेलीस का गं? ती फार दिवसांची सोबतीण नाही."

कुलूपवाल्याने दोघींना एकदा जिन्यावरूनच हाकललं होतं. ताईने त्याचा धसका घेतला होता. "जाते हो काकू, या आठवड्यात नक्की," असं म्हणत तिने दोन महिने काढले होते.

त्या दुपारी मात्र ती गेली.

दार कुलूपवाल्यानेच उघडलं. हातात कानस, बोटं तेलाने काळी. "या," तो म्हणाला. "सापडला म्हणायचा देवाला आमचा पत्ता!" पण तो दारातून बाजूला झाला.

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. औषधांच्या वासात निलगिरीचा वास मिसळला होता; काकूंच्या रुमालाला यायचा तसा. पलंगावर बाई होती, इतकी वाळलेली की नुसती चादरच उरल्यासारखी. उशाशी वेताची खुर्ची होती. ताई बसायला वाकली.

"तिथे नको," बाई हळूच म्हणाली. "त्या बसल्यात."

ताई पायथ्याशी टेकली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मला नाही हो दिसत कुणी," तो पुटपुटला. "पण दोन महिने झाले, दुपार झाली की ही खुर्ची मागते. मग जरा हसते. म्हणून ठेवतो."

"गातात त्या," बाई म्हणाली. "मलाही शिकवलं..."

आणि ती गायला लागली. त्या शहरात जन्म काढलेली ती बाई ताईच्या मायबोलीत गात होती, शब्दन् शब्द स्वच्छ. काकूंनी स्वतः रचलेलं गाणं. दुसऱ्या ओळीत जिथे काकूंना दम लागायचा, तिथेच ती थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. दोन कडवी झाली.

"तिसरं नाही शिकवलं. म्हणाल्या, ते ताई म्हणेल." बाईने खुर्चीकडे पाहिलं. "आज आल्यापासून बोलल्याच नाहीत. नुसत्या वाट बघताहेत... म्हणा ना."

तिसरं कडवं तिला पाठ होतं. कितीतरी घरांत तिने ते ऐकलं होतं, पण पलंगावरचा श्वास थांबल्यावरच. जिवंत माणसापुढे ते म्हणायचं नाही, हा काकूंचा शिरस्ता होता.

"म्हणा की," कुलूपवाला म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "एवढे काय आढेवेढे? गाणंच तर आहे."

"फार थकलेय हो मी..." बाई म्हणाली.

ताईने तोंड उघडलं. त्याच क्षणी रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला. आणि गायला सुरुवात करण्याआधी कुणी घेतं तसा लांब, घरघरता श्वास तिथे कुणीतरी घेतला.

ताईने ओठ मिटले. "उद्या म्हणते," ती कशीबशी म्हणाली.

या गोष्टीला सात वर्षं झाली. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले, पण बाई आहे. तशीच आहे. नवरा म्हणतो, तुमच्या पायगुणाने जगली, आणि ताईला जिन्यापर्यंत सोडायला येतो. ताई रोज दुपारी तिथे जाते, पायथ्याशी बसते, वाचून दाखवते. ती निघाली की बाई नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहते.

ताईने ते कडवं अजून म्हटलेलं नाही.