अकारविल्हे

मेलेल्या माणसाच्या कामावरचे नाव पुसले, तर दाद मागायला कोण येणार, असे तुम्हालाही वाटते का? अभिरामला तसे वाटले होते. दिवा जरा जवळ घ्या, आणि त्याचे काय झाले ते ऐका.

ऐरोलीतल्या एका खासगी संस्थेच्या अभिलेखागाराचा अभिराम प्रमुख होता. त्या सकाळी तो एकेक पायरी गाळत तळघरात उतरला. सानपाड्याच्या इसाकभाईंनी आपल्या दिवंगत थोरल्या बहिणीची कागदपत्रे संस्थेच्या स्वाधीन केली होती, आणि आज खोकी उघडायची होती. डॉ. मेहरुन्निसा! संगणक जेव्हा एका खोलीएवढा असे, तेव्हा श्रीवर्धनच्या या बाईने त्याला मराठी शब्द अकारविल्हे लावायला शिकवले. 'अ'पासून सुरू होणारे आधी, 'ह'चे शेवटी, शब्दकोशात असतात तसे.

अभिरामचे वडील नंदकुमार हे बाईंचे मदतनीस. संगणकाला सूचना देणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांना दिवसभर भोके पाडायची, हे त्यांचे काम. "बुद्धी बाईंची, हात माझे," असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. मुलाला ते वाक्य सलत असे.

"सर, लवकर या! अख्खा गठ्ठा मिळालाय! एक कार्ड इकडचं तिकडे नाही!" त्याची सहकारी गीतांजली जवळजवळ ओरडलीच.

खोक्यातून जुन्या पुठ्ठ्याचा किंचित खारट वास आला. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या शाईची तिरकी रेघ होती. त्या काळी अशी रेघ मारून ठेवीत. गठ्ठा हातून पडला, तरी रेघ जुळवली की क्रम जुळत असे. पहिल्या कार्डावर बाईंनी स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले होते. गठ्ठ्यामागे काही सुटी, कोरी कार्डेही होती.

"दुपारी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला हाच मधल्या काचपेटीत ठेवू," अभिराम म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज कापत होता. "पाटी मी करतो. तू वरची तयारी बघ."

गीतांजली गेली, आणि मोहाला वाट मिळाली. अभिरामने पहिले कार्ड खिशात घातले. एका कोऱ्या कार्डावर नंदकुमारांचे नाव लिहिले आणि ते त्या जागी ठेवले. पाटीवरही तेच नाव घातले. पाप एवढेच. वेळही फार लागला नाही.

फर्रर्र...

कोणी पत्ते पिसावेत तसा आवाज झाला. गठ्ठा तर जागचा हलला नव्हता. अभिराम वाकला. नव्या कार्डाच्या कडेवर तिरकी रेघ उमटली होती, बाकीच्या रेघेला बरोबर जुळलेली. त्याने बोट लावले. शाई ओली होती...

गठ्ठा आणि पाटी उचलून तो तडक वर आला आणि दोन्ही काचपेटीत ठेवली. तिथे ध्वनिक्षेपकाची चाचणी, फुलांची तोरणे, पाहुण्यांची गर्दी. उत्साहाच्या त्या लोटात भीती वाहून गेली. घसा तेवढा कोरडा होता. 'गीतांजली, मला पाणी दे,' असे त्याला म्हणायचे होते. तोंडातून आले, "गीतांजली, दे पाणी मला."

"काय सर, संगीत नाटकात एन्ट्री घेताय का?" ती हसली.

'वडिलांचं नाव आता जगाला कळेल,' असे सांगायला त्याने तोंड उघडले. "आता कळेल जगाला नाव वडिलांचं!"

तिचे हसू अर्ध्यावर थांबले. "वडिलांचं? म्हणजे तुमच्या?... आणि सर... आ, क, ज, न, व... तुम्ही अकारविल्हे बोलताय..."

अभिरामने खिशातले कार्ड बाहेर काढले. त्यावर नाव नव्हते. भोके नव्हती. पाठपोट कोरे होते.

इतक्यात इसाकभाई मिठाईचा पुडा सावरत आत आले.

"अभिरामभाऊ! आपाचं नाव काचेत बघायचं म्हणून घरी सगळ्यांनी सकाळपासून डोकं खाल्लंय. माझीच छाती धडधडतेय, पोरांचं काय सांगू!"

ते काचेपाशी गेले. पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"नंदकुमार?... आपाकडे कार्डं मारायचे, ते?"

अभिरामला रडू फुटले. सद्बुद्धी जागी झाली होती, पण उशिरा. त्याने इसाकभाईंचे दोन्ही हात धरले. 'हे काम आमचं नाही, तुमच्या बहिणीचं आहे,' एवढेच त्याला सांगायचे होते. साऱ्या सभागृहाने त्याचे शब्द ऐकले, "आमचं आहे काम! तुमच्या नाही बहिणीचं हे!"

इसाकभाईंनी हात सोडवून घेतले.

"वरचा बघतोय," ते हळूच म्हणाले, आणि पुडा तसाच घेऊन बाहेर पडले.

गीतांजली त्यांच्यामागे धावली. तिने शब्द सुटे करून, पुन्हा जुळवून त्यांना समजावले, परत आणले आणि सर्वांदेखत पाटी उतरवली. त्याच दुपारी काचेवर मेहरुन्निसाबाईंचे नाव लागले. बाईंना न्याय मिळाला.

अभिरामची जीभ मात्र पूर्ववत झाली नाही. डॉक्टरांना दोष सापडला नाही. लिहायला बसला, तर बोटेही तोच क्रम धरीत.

"देवाने तुमच्यावरच का कोपावं हो?" त्याची पत्नी ईश्वरी रडू लागली, तेव्हा तो उठून देवळात गेला. गाभाऱ्यासमोर त्याने हात जोडले. 'देवा, चूक माझी आहे, तुझी नाही,' हे त्याला मनापासून म्हणायचे होते.

भरल्या देवळात त्याचा आवाज घुमला, "आहे चूक तुझी, देवा... नाही माझी."

लोकांनी वळून पाहिले. कोणीतरी कानांवर हात ठेवले.

अभिराम अजूनही रोज देवळात जातो. ओठ घट्ट मिटून खांबाआड उभा राहतो. पण मनातल्या मनात क्षमा मागू लागला, की शब्द तिथेही सरकू लागतात, आणि एकामागे एक आपापल्या जागी जाऊन उभे राहतात.