बुडाले तीन ठोके

मी चौथी शिकली. खोटं रचायले त्याच्यापेक्षा जास्त शिकावं लागते. म्हणून जे झालं तेवढंच लिहून राह्यली.

मागच्या डिसेंबरची बारा तारीख. गुरुवार. सकाळचे दहा. सिरोंच्याजवळ, प्राणहितेचा डोह.

लख्ख ऊन होतं. भुताची ही वेळ नाई, हे मलेही समजते.

मी शकुबाई. आमची ढिवराची, मासे धरणाऱ्यांची जात, नाव माझी स्वतःची. नदीची खोली मोजायले विनोद नावाचा साहेब आला होता. त्याच्याजवळ वाटीएवढं यंत्र. ते नावेखाली पाण्यात ठेवायचं. ते खाली आवाज सोडते, आवाज तळाले लागून परत येते, अन् साहेबाजवळच्या पेटीवर खोली दिसते.

साहेब म्हणे, "बुडाले भोक पाडून बसवतो, बाई. एकदम पक्कं."

"तुमच्या घरच्या हंड्याले पाडा," म्हटलं. "माझ्या नावेले नाई."

मग बाजूनं लोखंडी पाइप बांधला. त्याच्या टोकाले यंत्र, बुडाच्या वीतभर खाली. माझा दीर लटारू वल्ह्यावर बसला.

यंत्र टिकटिक करे. बारीक. किड्यासारखं.

पेटीवर आकडे... नऊ मीटर. दहा. अकरा.

सात वर्षांमागं याच डोहात माझा पोरगा लच्छू उतरला होता. जाळं दगडाले अडकलं होतं. आमची रीत अशी, कमरेले दोर बांधून उतरायचं, जाळं सोडवायचं, अन् नावेखाली येऊन बुडाले तीन ठोके द्यायचे. म्हणजे ओढा. ठोक्याबिगर ओढायचं नाई, माणूस जाळ्यात गुंतते.

मी वाट पाह्यली. लटारूनंही.

ठोके आले नाईत.

शेवटी ओढलं. दोर वर आला. गाठ तशीच... मधात माणूस नाई.

प्रेत सापडलं नाई. मी गावाले सांगतलं, पोरगं पोहून पलीकडे गेलं, तेलंगणात मिरची तोडते. सुनेचं, रंजीताचं कुंकू मी पुसू दिलं नाई. मले तोंडावर विचारायची कोणाची हिंमत झाली नाई.

अकरा मीटर...

अन् एकदम एक.

साहेब पेटीवर वाकला. "खाली काही आलं. मोठा मासा असन."

नाव पुढं नेली. एक.

वळवली. एक.

मग अर्धा.

साहेबानं यंत्र बंद केलं. टिकटिक थांबली. पाणी गप्प...

टक.

टक.

टक.

माझ्या पायाखाली.

"लाकूड असन," साहेब म्हणे. पाइप वर घेतला. यंत्राले काही लागलं नव्हतं.

लटारूचं वल्हं पाण्यात तसंच राह्यलं. "वयनी..."

"वल्हं मार."

"वयनी, दोर हाय नावेत."

"मले दिसते. आंधळी नाई मी. वल्हं मार."

त्यानं मारलं.

दोर टाकला असता तर वर काय आलं असतं, मले माहीत होतं. जे आलं असतं, त्यानं रंजीताचं कपाळ पांढरं केलं असतं.

काठ लागेपर्यंत ठोके येत राह्यले. तीन. थांबून तीन. मले रडू आलं नाई. भीतीही नाई.

साहेबाले दुसरी नाव पाहून दिली.

आठ दिवसांनी नाव काठावर पालथी घातली. बुडाले डांबर लावायचं होतं. दुपार होती. मी लावून राह्यली होती, रंजीता डबा धरून उभी.

माझ्या हाताखाली...

टक.

टक.

टक.

आतून.

रंजीतानं डबा खाली ठेवला. "आत्याबाई, खाली कुत्रं शिरलं का?"

"असन," म्हटलं. अन् डांबर लावत राह्यली. त्या जागेवर दोन हात जास्तच लावले.

पावसाळा गेला. नाव अजून पालथीच हाय. लटारू त्या वाटेनं जात नाई.

काल रंजीता भांग भरत बसली होती. तिनं विचारलं, "आत्याबाई, नाव कधी सुलटी करायची?"

म्हटलं, "लच्छू मिरची तोडून आला की."